डावी बोल!

"डावी बोल!" असं म्हणायचा, मान थोडी उजवीकडे कलवायचा आणि ओठ घट्ट मिटून गाडी वळवायचा. मुरबाड ते वैशाखरे लायनीच्या जीपमध्ये तुम्ही कधी पुढच्या सीटवर बसला असाल, तर तुम्हालाही त्याने हे ऐकवलं असणार. शेजारी कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसे. गुरुजी असोत, तलाठी असो, माहेरी निघालेली नवी नवरी असो. डाव्या टोकाला बसला ना, मग बोलायचं. सायकल आहे, बकरी आहे, कोणी हात दाखवतंय, सगळं सांगायचं.

एखादा नवखा विचारायचा, "का रे, तुला दिसत नाय?" तर उत्तर मागच्या सीटवरचे नेहमीचे लोकच द्यायचे. "त्याची ल्हानपणची सवय हाय ती. गाडीचा गेम खेळायचा ना तो!" मग सगळे हसायचे. तोही हसायचा.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. लायनीत सगळ्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काय करायचंय? एवढं सांगतो की आम्ही दोघे वैशाखऱ्याच्या एकाच आळीतले, आणि त्या गेममध्ये त्याला डावी बोलणारा पहिला माणूस मी.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत टीव्ही गेम चालायचा. बाजाराच्या दिवशी घरचे लोक खरेदीत गुंतले की आम्ही दोघं तिकडे सटकायचो. गाडीची कॅसेट लावून मिळेपर्यंत त्याला दम नसायचा. मागून दिसणारी लाल गाडी, दोन्ही बाजूंना माडासारखी झाडं आणि वरच्या कोपऱ्यात उलटा पळणारा टाइम. टाइम संपायच्या आत कमान गाठली तर आणखी टाइम मिळायचा. नाही गाठली तर गाडी हळूहळू थांबायची आणि एक रडकं संगीत वाजायचं. ते मला अजून पाठ आहे.

टीव्ही मात्र अगदी भंगार होता. कोणीतरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ नेलं होतं म्हणे, त्यामुळे पडद्याची डावी बाजू हिरवी-जांभळी होऊन बसली होती. तिथे रस्ता, झाडं, पुढच्या गाड्या, सगळंच गडप व्हायचं. मालक टीव्हीच्या डोक्यात एक थप्पड घालायचा, डाग जरासा हलायचा आणि परत जागेवर येऊन बसायचा. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. रिमोट त्याच्या हातात, आणि मी डाव्या बाजूला पडद्याला नाक लावून उभा. इतक्या जवळून त्या डागातही काहीतरी हलतंय एवढं कळायचं. "डावी बोल!" तो ओरडायचा, आणि मी जिवाच्या आकांताने सांगायचो, "पिवळी गाडी! वळण! झाड!"

मी मुळात घाबरट. मला रिमोट नकोच असायचा. गाडी आदळली तर ती आपल्या हातून आदळू नये, एवढीच माझी इच्छा. त्याला मात्र भीती ठाऊक नव्हती. लाइट गेली तरी काळ्या पडद्यापुढे बटणं दाबत राहायचा. "टाइम हाय अजून," म्हणायचा. मालकाने हाताला धरून बाहेर काढेपर्यंत त्याचा टाइम संपत नसे.

पुढे आम्ही मोठे झालो. मुरबाडच्या स्टँडजवळ मी झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं छोटं दुकान टाकलं. त्याने जीप घेतली. आमच्याकडच्या जीपमध्ये पुढे किती माणसं बसतात ते तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हरच्या डावीकडे तर बसतातच, उजवीकडेही एकाला चिकटवतात, आणि ड्रायव्हर मध्ये अंग चोरून गाडी हाकतो. तोही तसाच हाकायचा. पण डाव्या टोकाचं माणूस तो निवडून घ्यायचा. डुलक्या काढणारा चालत नसे. "तू मागं जा बाबा, तुझ्यापरीस पोतं बरं," म्हणायचा. मोबाईलमध्ये डोकं घालणाराही चालत नसे.

गेल्या वर्षभरात त्याच्याविषयी तक्रारी येऊ लागल्या. रस्त्याकडेला हात दाखवला तरी थांबत नाही. सरळगावला एक म्हातारी भर उन्हात हात हलवत राहिली आणि हा समोरून निघून गेला. "शेठ झाला आता," लोक म्हणायचे, "त्याला वाटंवरची मानसं दिसत नाय." मीही त्याला टोकलं, तर म्हणाला, "भरलेली व्हती रे गाडी." ती भरलेली नव्हती, हे मला तेव्हा मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्या मुलीकडून कळलं होतं.

माझी मुलगी मुरबाडला कॉलेजात जाते. जाते त्याच्याच जीपने. मी दुकानाच्या मालासाठी मोटारसायकल नेतो, आणि तिला मोटारसायकलवर मागे बसवून घाटाकडून येणाऱ्या ट्रकांमधून न्यायचं माझ्याने होत नाही. पुढे तिची जीपमधली जागा ठरून गेली, पुढे, डाव्या टोकाला. ती असली की तो इतरांना ती जागा देत नसे. "आपली पोर हाय, नीट बघून बोलते," म्हणायचा. आम्हाला याचा अभिमान वाटायचा. तिची आई तर चार बायकांत सांगायची.

या दिवाळीत उल्हासनगरला माल आणायला गेलो होतो. तिथे टीव्हीला जोडायचा एक खेळ दिसला. आपल्या लहानपणचे सगळे गेम त्यात आहेत, दुकानदार म्हणाला. त्याने लावून दाखवला आणि समोर ती लाल गाडी! माझ्या अंगावर काटा आला. घेतला, आणि घरी पोचायच्या आधीच त्याला फोन केला. "संध्याकाळी फराळाला ये. आणि गाडी पण आणलीय."

आला. चिवड्याचे हात पँटला पुसले आणि पडद्यापुढे मांडी घालून बसला. तो वेडावल्यासारखा बघत होता. "झाडं तीच रे! कमान तीच!" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. मुलगी आम्हा दोघांकडे बघून हसत होती.

"डावी बोल!" तो म्हणाला.

"आता कशाला?" मी म्हटलं. "टीव्ही नवा आहे. डाग नाही, काही नाही."

त्याने बटण दाबलं. गाडी सुरू झाली आणि पहिल्याच पल्ल्यात डावीकडच्या पिवळ्या गाडीवर आदळली. सवय गेली असेल, मला वाटलं. परत सुरू केली, परत डावीकडेच. उजवीकडची प्रत्येक गाडी तो अगदी झोकात चुकवत होता. डावीकडची एकही नाही. मी हसत होतो, चिडवत होतो, आणि हसता हसता माझं लक्ष मुलीकडे गेलं. ती हसायची थांबली होती. ती त्याच्या शेजारी सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, डावीला निळी. आता झाड. आता मोकळं." लाल गाडी कमानीखालून सुसाट गेली.

मी उठून टीव्ही बंद केला.

मुलगी आत गेल्यावर त्याला ओसरीवर घेऊन आलो. "कधीपास्न?" एवढंच विचारलं.

तो आधी टोपीशी खेळत बसला. मग म्हणाला, "आधीच्या पावसाळ्यात कडंकडंनं धूर झाल्यागत वाटाया लागलं. आता डावा पार गेला. काचबिंदू म्हनतात. गेलेला परत येत नाय, उजवा राखायचा म्हनला डॉक्टर. थेंब घालतो ना." शहापूरजवळच्या सापगावला बहिणीकडे जातो सांगून हा शहापूरमार्गे कल्याणला डॉक्टरकडे जात होता. बहिणीला पत्ता नव्हता आणि बायकोलाही नव्हता.

"आन गाडी?"

"म्हसाची जत्रा होऊ दे. जत्रंला वर्साची कमाई हाय, लायन सोडून नाय राहू शकत मी. मंग ठेवतो चावी."

"माझी पोर बसते रे तुझ्या बाजूला!" मी ओरडलोच. "गाडीभर लोक बसतात!"

"म्हनून तर तिला बसवतो," तो म्हणाला. "ती हाय तवर काय नाय व्हत."

मला त्याचा संताप आला. त्याच वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही. तो गेल्यावर मुलीला बजावलं, उद्यापासून एसटीने जायचं. ती चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "मला माहीत होतं बाबा. सुट्टीच्या दिवशी पण मी लायब्ररीचं सांगून जायचे ना, ते त्याच्यासाठीच. मी नाय बसले तर डावी कोण बोलणार?"

सतरा-अठरा वर्षांची पोर! गाडीतल्या सगळ्या माणसांचा जीव ती रोज डोळ्यांत घेऊन बसत होती, आणि आम्ही तिच्या जागेचा अभिमान बाळगत होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी वाटलं, तो येणार नाही. पण नेहमीसारखा हजर, गाडी पुसून, नंबर लावून. माणसं बसायला लागली होती. सगळ्यांसमोर ओरडावं तर त्याची अब्रू जाते, गप्प राहावं तर काय काय जाईल याचा हिशेब नाही. मी मुलीला एसटीच्या थांब्यावर उभी केली, मोटारसायकल घरी लावली आणि डाव्या टोकाला जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. गाडी सुरू केली.

टोकावड्यापर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं की मी तो कधी पाहिलाच नव्हता. डावीकडून कोण येत नाही? गुरं येतात, शाळेची पोरं येतात, भाताच्या भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी येते. मी एकेक सांगत होतो आणि घामाने भिजत होतो. मागची माणसं खूष होती. "आज दुकानदारच डावी बोलतायत! काय गेम हाय का काय?" कोणीतरी म्हणालं. अधूनमधून मी त्याच्या कानाशी पुटपुटायचो, "सोड रे. आजच सोड." तो म्हणायचा, "डावी बोल."

टोकावडं मागे पडलं, तसा रस्त्याकडेने मोळ्या घेऊन निघालेल्या बायका दिसल्या. "डावीला बाया," मी म्हटलं, "मोळ्या आहेत." त्याने गाडी उजवीकडे घेतली. समोरून ट्रक आला, तशी परत डावीकडे घेतली. मी "मोळी! मोळी!" ओरडेपर्यंत आरसा शेवटच्या मोळीला लागला. लाकडं रस्त्यावर उधळली आणि बाई मट्‌कन खाली बसली.

गाडी थांबली. मी उडी मारून धावलो. बाईला कुठे लागलं नव्हतं, कोपर तेवढं खरचटलं होतं. ती उठली ती त्याच्यावरच धावून गेली. "डोलं फुटलं का रं तुझं? दिसत नाय तुला?"

तो खाली उतरला होता. चेहरा पांढराफटक. तिच्यापुढे उभा राहिला आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलला, "नाय दिसत बाय. डावा गेलाय माझा. खरंच नाय दिसत."

बाईने वर केलेला हात तसाच खाली घेतला. मग त्याने रस्त्यावरची लाकडं गोळा केली. मी मदतीला वाकलो तर मला बाजूला केलं. चाचपून चाचपून एकेक उचललं, वेल आवळून मोळी बांधली आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली. "जाऊ दे भाऊ," ती म्हणाली, आणि दोन पावलं जाऊन मागे वळून बघत राहिली.

गाडीतली माणसं एकेक करून उतरली. शिव्या कोणी घातल्या नाहीत. सरळगावची ती म्हातारी त्या दिवशी गाडीत होती. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आमी तुला शेठ म्हनलो रे पोरा." मागून लायनीतली दुसरी जीप आली, तिच्यात सगळे दाटीवाटीने बसून गेले. जत्रा अजून लांब होती. त्याने चावी काढली, माझ्या खिशात टाकली आणि खिशावर थोपटलं. "बायकोला तूच सांग," म्हणाला. मग ढसाढसा रडला. मीही रडलो. गाडीभर माणसं धडधाकट घरी पोचणार होती, आणि माझा मित्र मात्र तिथेच राहून गेला होता.

जीप आता दुसरा कोणी चालवतो. मुलगी त्याच जीपने जाते, मागच्या सीटवर बसते, आणि मला म्हणते की तिला आता गाडीत झोप लागते.

तो संध्याकाळी वैशाखऱ्याच्या वळणावर, चहाच्या टपरीबाहेरच्या बाकड्यावर बसतो. उन्हं उतरली की उजव्या डोळ्यालाही धड ओळखू येत नाही. लायनीतले ड्रायव्हर जाताना त्याच्यासाठी हॉर्न वाजवतात आणि तो हात वर करतो. पण ते वळणच तसं आहे, माळशेजकडे फिरायला निघालेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्याही तिथे हॉर्न वाजवतात. तो त्यांनाही हात करतो. त्या न थांबता निघून जातात.

परवा मी शेजारी बसलो होतो. एक मोठी पांढरी गाडी हॉर्न देत गेली. काचा वर, आत अनोळखी माणसं. त्याने हात उंच केला, गाडीचा आवाज विरेपर्यंत तसाच धरला आणि मग मला विचारलं, "कोन व्हता रे?"

"आपल्याच लायनीतला," मी म्हटलं.