दोरीचं दुसरं टोक

गोलाईच्या बाजारपेठेजवळ एका जुन्या गोदामात चित्रांची गॅलरी उघडली, तेव्हा मला हसूच आलं होतं. नळाला थेंब नाही, लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, अन् ह्यांना चित्रं सुचायलीत! पण दारावर 'प्रवेश मोफत' लिहिलं होतं आणि आत पंखे फिरताना दिसत होते. मी ड्रमला बसवायची तोटी घ्यायला बाजारात आले होते. भर दुपार, डोकं उकलेल असं ऊन. फुकटचा वारा मिळतोय तर खाऊ दहा मिनिटं, म्हणून शिरले.

आत माणसापेक्षा उंच असे काळे-पांढरे फोटो लावलेले. फरशीवर खडीचा ढीग ओतलेला. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून हातोड्याचा आवाज, ठक्, ठक्, ठक्. माझ्या वयाचा रखवालदार स्टुलावर बसला होता.

"बहात्तरच्या दुष्काळातलं हाय, ताई," तो म्हणाला. "कुण्या सरकारी माणसानं कामावरच्या बायांचे फोटो काढले होते. ते आता एका चित्रकारानं मोठे करून लावलेत."

"आणि ही खडी?"

"ते बी चित्रच हाय म्हणं. हात लावायचा न्हाई."

मी मनात म्हटलं, कमाल आहे बाबा. आमच्या मायनं अख्खा उन्हाळा खडी फोडली, तिला कुणी चित्रकार म्हणालं नाही. तशीच हसत हसत पुढे सरकले, आणि चौथ्या फोटोपाशी माझं हसू जागच्या जागी वाळलं.

बाभळीच्या फांदीला एक झोळी टांगलेली. झोळी लुगड्याची, तिला खालून धान्याच्या कापडी पोत्याचं ठिगळ, त्यावरची छापील अक्षरं उलटी. ठिगळाच्या वर एक पाऊल बाहेर आलेलं, लिंबाएवढं. झोळीला बांधलेली दोरी डावीकडे ताणत गेली होती आणि चौकटीच्या कडेला संपत होती. दोरी कुणी धरली आहे ते फोटोत नव्हतं. बाभळीची सावली झोळीखालून निघून बाजूला पडली होती. झोळी उन्हात होती.

ते ठिगळ लावताना सुई मी ओवून दिली होती. ते पाऊल माझ्या भावाचं.

तेव्हा मी सात वर्षांची. बाप पाझर तलावाच्या कामावर लांब, आणि आम्ही मायलेकरं रेणापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कामावर. माय खडी फोडायची. माझं काम एकच होतं. दोरी ओढून झोळी हलवायची, आणि ऊन झोळीवर यायला लागलं की मायला हाक मारायची. ती येऊन झोळी दुसऱ्या फांदीला टांगायची. माय मध्येच मान वर करून दोरीकडे बघे. दोरी ताणलेली दिसली की पोरगी जाग्यावर आहे, हा तिचा हिशेब.

त्या दिवशी जीपमधून कॅमेरावाला आला. कॅमेरा कसा असतो ते मी कधी बघितलं नव्हतं. मी दोरी जवळ रोवलेल्या पहारीला ताणून बांधली, म्हणजे मायला लांबून वाटावं मी आहेच, आणि पळाले. त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्यानं झोळीकडे कॅमेरा धरला तेव्हा मी त्याच्या कोपराखालून बघत होते. नंतर त्याच्या मागे मागे जीपपर्यंत गेले, जीपच्या आरशात तोंड बघत बसले.

म्हणजे गॅलरीत मी जिथे उभी होते, तिथेच तेव्हाही उभी होते. तोच फोटो, तीच जागा, झोळीच्या समोर. ठक्, ठक् चालूच होतं.

भावाला संध्याकाळी ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला. ऊन लागलं, एवढंच सगळे बोलले, आणि कसं लागलं ते मला कुणीच विचारलं नाही. त्याच्या जन्माचा कागद नाही, मृत्यूचा नाही. पुढे उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, पेढे वाटले, आणि काही वर्षांनी मला त्याच नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली, तीही जुन्या कागदांच्या खोलीत. उस्मानाबादहून आलेले गठ्ठे मी वेड्यासारखी उपसले. वाटायचं, कुठल्या तरी यादीत, कुठल्या तरी शेऱ्यात तो सापडेल. सापडला नाही. आणि आता सापडला तो असा, माझ्या गुन्ह्यासकट.

घरी गेले ते तोटी न घेताच. मायला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घरात कुठेही गेले तरी ते पाऊल दिसायचं. कणीक मळताना दिसायचं, टँकरच्या रांगेत दिसायचं. मी सूनबाईवर उगाच खेकसायला लागले.

चार दिवसांनी शेजारणीनं घात केला, मायला सांगून टाकलं. "मावशी, गोलाईपाशी बहात्तरची चित्रं लावल्यात. फुकट हाय."

"मला ने," माय म्हणाली.

"ऊन किती आहे! तुझ्यानं होणार नाही."

"खडी फोडाय झालं, बघाय न्हाई व्हायचं?"

मी गुडघ्याचं कारण काढलं, टँकरचं काढलं. शेवटी ओरडले, "काय बघायचंय त्यात मेल्या दुष्काळात?" दुसऱ्या दिवशी माय इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून दारात बसली, विहारात जाताना बसते तशी. काय करणार? नेलं रिक्षानं.

दारात तिनं चपला काढल्या. रखवालदार उठून म्हणाला, "जयभीम मावशी, र्‍हाऊ द्या पायात." तिनं ऐकलं नाही. खडीच्या ढिगापाशी गेली, वाकली, एक खडा उचलून बोटांत फिरवला. तो "हात नका..." म्हणेस्तोवर तिनं निकालही दिला. "लई मोठी हाय. मुकादमानं परत फोडाय लावली असती." रखवालदाराला हसू आवरेना. मला रडू येत होतं.

तिला मी पहिल्या फोटोपाशी रेंगाळत ठेवलं, दुसऱ्यापाशी ठेवलं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, बारीक काही दिसत नाही, असा माझा हिशेब. पण चौथ्या फोटोपाशी ती स्वतःच थांबली. मग हात लांब केला आणि ते पाऊल पंजानं झाकलं, पोराचं पाऊल उन्हापासून झाकावं तसं. रखवालदारानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"माझा हाय," ती त्याला म्हणाली. "आन ही दोरी माझ्या पोरीच्या हातात हाय. बघा कशी ताणून धरलीया."

गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं, तिच्या मरेपर्यंत आणि माझ्याही. पण त्या जागेवर उभं राहून मला खोटं पेलेना.

"माय, दोरी माझ्या हातात नव्हती. मी पहारीला बांधली होती. मी इथं उभी होते, फोटोवाल्याच्या मागं."

ती फोटोकडेच बघत होती. "ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"पहार माझीच व्हती. दगड हालवाय लागली म्हणून घ्याय आले, तर तिला दोरी बांधलेली. मीच सोडली." तिनं दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ मुठीत धरला. "मुकादम वरडत व्हता. पहार घेतली आन तशीच गेले. झोळीवरची सावली कुटं गेली, बघितलं न्हाई. तू तर सात वर्साची व्हतीस. मी माय व्हते."

चाळीस वर्षांच्या वर आम्ही एका ताटात जेवलो होतो. एकमेकींच्या आजारपणात रात्री जागलो होतो. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. मला तिचा राग आला, खरं सांगते, इतका राग की ओरडावंसं वाटलं. तेव्हाच का नाही सांगितलंस? मग तिचा तो पंजा दिसला, अजून पावलावरच ठेवलेला.

"जा," ती म्हणाली. "तिथं जाऊन उभी ऱ्हा."

फोटोच्या डाव्या बाजूला, जिथे दोरी चौकटीबाहेर जाते, तिथे कोरी भिंत होती. मी समोरची माझी जागा सोडली आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. हात वर केला आणि चौकटीच्या कडेला, दोरीच्या टोकाशी, मूठ आवळली. पन्नाशीची बाई, कचेरीत भले भले जिला दबकतात, भरल्या गॅलरीत भिंतीला मूठ लावून उभी. कुणी बघितलं, कुणी नाही.

"धरली का?" मायनं विचारलं.

"धरली," मी म्हणाले.

मग तिनं पावलावरचा हात काढला.