कपाटातल्या चपला

माझी नात सध्या घरी बसून विद्यापीठाचा कोर्स करायलीय. वेबसाइट कशी बनवायची त्याचा. मास्तर कुठं, ही कुठं. मनाला येईल तेव्हा लॅपटॉप उघडती, मनाला येईल तेव्हा मिटती. पायात घरातल्या मऊ स्लिपरा तशाच असतात. परवा मी बोललो, "अगं, चप्पल तरी काढ." ती म्हणाली, "का? काय होतं त्यानं?"

मला आधी लाज वाटली, मग तिच्या आजीची आठवण आली. इतकी वर्षं झाली तरी या दोन गोष्टी मला जोडीनंच येतात.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या साली माझी बायको वारली. मी तेव्हा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शिपाई होतो. शिक्षण सातवी, राहायला बोरीजवळच्या खेड्यात, पोरं नोकरीसाठी बाहेर. सोमवार ते शनिवार कसेबसे जायचे. साहेबाची घंटी वाजली की उठायचं, पाणी द्यायचं, फाईल न्यायची. रविवार आला की मात्र मी हरायचो. रविवारी ती डोकं धुवायची, केस वाळवत ओसरीवर बसायची. मी शेजारी शेंगा फोडायचो अन् ती माझ्या बोलण्याला नावं ठेवायची. "तुमचं तोंड म्हंजे बाभळीचं झाड. सावली कमी, काटे जास्त." आता ओसरी तीच होती, शेंगाही होत्या, पण दुपार काही केल्या सरत नव्हती.

ऑफिसातल्या एका क्लार्कनं सांगितलं, मुक्त विद्यापीठाचा कोर्स निघालाय, कॉम्प्युटरची ओळख. दहावीची अट नाही, वयाची नाही. पुस्तकं पोस्टानं येतात, घरी वाचायची, अन् मशीनवर बसायला दर रविवारी परभणीच्या एका कॉलेजात जायचं. पुढचं मी ऐकलंच नाही. रविवार म्हणताच नाव घातलं. या वयात कशाला, असं कोणी विचारलं तर सांगायचो, ऑफिसात कॉम्प्युटर येणार हायेत. ते खोटं नव्हतं, पण मला काही त्याची पडलेली नव्हती. त्या एका दिवशी जायला ठिकाण पाहिजे होतं, एवढंच.

पहिल्याच रविवारी एसटी उशिरा पोचली. कॉलेजात व्हरांड्याच्या टोकाला काचेचं दार, आत पडदे, थंड हवेचं मशीन गुरगुरायलेलं. दाराशी माझ्यासारखाच एक शिपाई स्टुलावर बसलेला. काचेतून दिसलं, पोरंपोरी खुर्च्या ओढून बसलीत. मी दाराला हात लावला तर तो म्हणाला, "ओ मामा, चप्पल काढा. अशी आत न्यायची न्हाई."

मी आजूबाजूला पाहिलं. व्हरांडा रिकामा. एकसुद्धा चप्पल नाही.

इथं थोडं मागचं सांगावं लागतं. आमच्या बापाला गावात पाटलाच्या गढीसमोरून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची. लहानपणी मीही घेतलेली. पुढं आम्ही बौद्ध झालो, दिवस बदलले, पण हाताची खोड गेली नव्हती. लग्न करून आलो, गढी आली, अन् माझा हात आपोआप खाली गेला. मागून माझी नवी नवरी, वालूरची ही पोरगी, हळदीच्या अंगाची, सगळ्यांच्या देखत बोलली, "चप्पल पायात घालायला घेतलीय का हातात मिरवायला?" तेव्हा हात वर आला तो आलाच. त्यानंतर ती असेपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून मी चप्पल काढली नाही. विहारात अन् घरात, तेवढीच.

अन् साल कसलं होतं ते आठवा. नामांतराच्या बोलण्यावरून चहाच्या टपरीवर माणसं बाकडं बदलून बसत होती.

मी त्या शिपायाला म्हणालो, "का? तुमच्या मशिनीला इटाळ व्हतो का?"

"अहो मामा, तसं न्हाई..."

"मंग कसं हाय? ह्या आतल्या पोरांच्या काढल्या का? दाव मला. कुठं हायेत?"

आतून मॅडम आल्या. माझ्या लेकीएवढ्या असतील. शेतीवाल्या मोठ्या घरातल्या, हे दाराशेजारच्या पाटीवरल्या आडनावावरून कळत होतं. "काका, इथं सगळेच काढतात," त्या म्हणाल्या.

"सगळे कोण? मला तर एक बी चप्पल दिसंना. आमच्या बापानं लय दिवस हातात धरल्या, बाई. आता म्या धरत न्हाई."

वर्गातली टकटक थांबली. सगळी पोरं काचेतून माझ्याकडं बघायलेली. मॅडमचं तोंड लाल झालं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी वळलो अन् सरळ स्टँड गाठला. दुपारी ओसरीवर येऊन बसलो. आपण बरोबर वागलो, असं सारखं मनात म्हणत होतो. बरोबर वागलेल्या माणसाचा रविवार तरी लवकर सरावा. तो नेहमीसारखाच राहिला.

पुढच्या रविवारी मी गेलो. का गेलो ते वर सांगितलंच आहे. एसटीत बसून भांडणाची तयारी करत होतो, पण शिपाई स्टुलावरून उठला अन् बाजूला झाला. "जावा मामा. मॅडमनं सांगून ठिवलंय, तुमाला काय म्हणायचं न्हाई."

मी चप्पल घालून आत गेलो. पोरांनी जागा दिली. चौघांत एक मशीन. एकजण बोटं चालवायचा, बाकीचे माना पुढं काढून बघायचे. पाठीमागं काहीतरी हललं म्हणून पाहिलं तर मॅडम ओलं फडकं घेऊन खाली बसलेल्या. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत मातीची पावलं उमटली होती, ती पुसायलेल्या.

खरं लिहितो. मला बरं वाटलं. एका काळी आमच्या लोकांची पावलं रस्त्यावर राहू नयेत म्हणायचे, अन् इथं मोठ्या घरची लेक गुडघ्यावर बसून माझी पावलं पुसायलीय. बायकोला सांगायला पाहिजे, असं मनात आलं. मग ती नाही हे आठवलं.

थोड्या वेळानं पाणी प्यायला बाहेर गेलो. माठ व्हरांड्याच्या वळणावर होता. माठाशेजारी लाकडी कपाट, दार अर्धं उघडं. आत चपलांची रांग. पोरांच्या स्लिपरा, पोरींच्या सँडली, एक फाटका बूट. सगळ्यात वरच्या फळीवर बायकी चप्पल, तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. शिपाई मागून आला अन् माठातून पेला भरत सहज म्हणाला, "कुत्रं एक चप्पल घिऊन पळालं मामा, तवापास्नं कपाटात ठिवतो. वरची मॅडमची हाय. धूळ गेली की मशिनी बंद पडत्यात म्हणं. साहेबांच्या बी बुटाला सोडीत न्हाई बाई."

मी हातातला पेला पाणी न पिताच माठावर ठेवला. बापाचं नाव काढून मी ओरडलो होतो, ते खरंच होतं. पण ज्या बाईवर ओरडलो तिची चप्पल मी यायच्याही आधीपासून कपाटात होती. आणि मघाशी मला बरं वाटलं होतं, ते आठवलं की जास्त लाज वाटायली. ओरडणं एकवेळ रागाच्या नावावर खपलं असतं.

चप्पल काढून मी खालच्या फळीवर ठेवली. आत आलो तर मॅडम अजून पुसतच होत्या. मी म्हणालो, "मॅडम, द्या ते फडकं इकडं."

त्या वर न बघता म्हणाल्या, "राहू द्या काका."

"माझी घाण तुमी कामून पुसायला?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "तुमच्यासाठी नाही पुसत. मशीनसाठी पुसते. तुम्ही बसा, तुमची पाळी निघून जाईल."

मला वाटलं होतं त्या हसतील, नाहीतर चिडतील. यातलं काहीच झालं नाही. मी जाऊन बसलो. फरशी बर्फासारखी, अन् टाचांच्या भेगांत ती थंडी शिरायलेली. माझ्या भेगा सगळ्या वर्गाला दिसतायत असं वाटून मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. कोणीही बघत नव्हतं.

त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. शेवटचं काम असं होतं, की पडद्यावर आपल्या गावाचं पान बनवायचं. वर गावाचं नाव, खाली यादी. एक दाबलं की शाळेची माहिती, दोन दाबलं की नदीची, तीन दाबलं की वस्त्यांची. मराठी अक्षरं मशीनमध्ये नव्हती, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. मी एकेक अक्षर कोंबडीसारखं टिपायचो. शेजारची पोरगी म्हणायची, "काका, तुमचं गाव उजाडेपर्यंत आमचं पावसाळ्यात वाहून जाईल." मी म्हणायचो, "जाऊ दे. नाहीतरी तुझ्या गावाला नदी कुठं हाय?"

मशीनला द्यायच्या हुकमांच्या ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे द्यायचे. मधली जागा कशाला, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मागाहून काही आठवलं तर घालायला." मला बरंच आठवायचं, पण ते मशीनमध्ये घालायचं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे एक मोठे साहेब आले. चकचकीत बूट, टॉक टॉक करत थेट काचेच्या दारात. शिपाई उठला, सलाम केला, अन् दार उघडून धरलं. माझी मान खाली गेली. मनात म्हणलं, आता बघू.

मॅडम पुढं आल्या. आवाज तोच, पहिल्या रविवारी माझ्याशी बोलताना होता तो. "सर, बूट बाहेर. इथं सगळेच काढतात."

साहेब थांबले. भुवई वर गेली. मग वाकून बूट काढले, अन् उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. सगळा. मागं एक पोरगं फिस्स करून हसलं. साहेब माझ्यासमोर बसले ते उजवा पाय डाव्याखाली दाबून. मला त्यांचं काय होत होतं ते पुरतं कळत होतं, म्हणून मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

"तीन दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. वस्त्यांचं पान आलं. मधल्या जागेत मी एक ओळ घातली होती, गढीसमोरचा रस्ता आता सगळ्यांचा आहे. त्यांनी वाचली, कागदावर खूण केली अन् पुढच्या मशीनकडं गेले. लंगडत, अंगठा दुमडून.

मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांना बोलायचं मी ठरवून आलो होतो, चुकलं म्हणून. पाठही केलं होतं. जवळ गेलो अन् तोंडातून निघालं, "येतो, मॅडम." त्या म्हणाल्या, "या काका." कोर्सही तिथंच संपला, अन् माझं बोलायचंही राहून गेलं.

पुढच्या रविवारी सवयीनं पाय स्टँडकडं वळले. बोरीला एसटी मिळाली, परभणीला उतरलो, कॉलेजपर्यंत चालत गेलो. काचेच्या दाराला कुलूप. वळणावर कपाट होतं, रिकामं. मी चप्पल काढून खालच्या फळीवर ठेवली अन् व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळानं राखणदार आला.

"कोण पायजे मामा?"

"कोणी न्हाई."

"मंग बसलाव कामून?"

"रविवार हाय," मी म्हणालो.