तुपातल्या अक्षता आणि दोन पिस्तुलं

पिस्तूल हा काही माझा विषय नव्हे. माझा विषय शिलाई मशीन. इकडे गुजरातेत, मांजलपूरला, घरातल्या घरात चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, आणि मशीन बिघडलं तर मेकॅनिकची वाट न बघता स्वतःच उघडून बसले. शिकवलं कुणी नाही. पण माझी नात, मुलीची मुलगी, गोत्रीच्या बाजूला एका क्लबात नेमबाजीला जायला लागली, आणि तिला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. रिक्षातून उतरायचं, मागच्या बाकावर बसायचं, कानाला ते मोठं हेडफोनसारखं लावायचं आणि बघायचं. बघून बघून माणसाला मत होतंच की!

क्लबात मुलींसाठी पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक गोळीची, दोन पिस्तुलं होती. आपोआप भरणारी. म्हणजे एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी स्वतःच बाहेर फेकायची आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर घ्यायचं; चाप मात्र दर वेळी आपणच ओढायचा. एक जुनं होतं, अख्खं पोलादी, हातात घेतलं तर मनगट खाली जाईल असं. हलवलं की किंचित खुळखुळायचं. दुसरं नवंकोरं, मूठ लाकडी, हाताच्या मापाने घासून घेतलेली, आणि सगळे भाग एकमेकांत इतके घट्ट बसलेले की मधून केस जाणार नाही.

नातीला राज्याच्या स्पर्धेसाठी त्यातलं एक निवडायचं होतं. फॉर्मवर त्याचा नंबर लिहायचा, मग स्पर्धा होईपर्यंत सराव त्याच्यावरच. वर्षभराची मेहनत त्या एका नंबरावर.

"जुनं घे," मी रोज सांगायची. "खुळखुळतंय ना, म्हणूनच चालतं. माझं काळं मशीन बघ. कचरा जाऊ दे, दोरा जाऊ दे, टाका सोडत नाही. आणि तुझ्या आईचं ते बटणांचं मशीन? जरा धूळ बसली की रुसलं!"

"आजी, मला गोधडी शिवायची नाहीये."

"गोळी वर आलीच नाही तर काय करशील? नेम धरून बसशील नुसती?"

"नव्याचा चाप बघ ना! लोण्यासारखा आहे. जुन्याचा ओढताना हात हलतो माझा."

असं आमचं चालायचं. कोच गुजराती, माझ्या मुलाच्या वयाचे. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "मासी साची, ने दीकरी पण साची." मावशीचंही खरं आणि पोरीचंही खरं. माणूस हुशार!

मग दसरा आला. आमच्याकडे शस्त्रं-अवजारं खंडेनवमीलाच पुजतात, माझ्या कात्र्यांना त्या दिवशी सुट्टी असते. क्लबात मात्र पूजा दसऱ्याच्या सकाळी. टेबलावर लाल कापड, त्यावर सगळी पिस्तुलं, मॅगझिन काढलेली, वरचा भाग मागे सरकवून उघडी ठेवलेली, म्हणजे रिकामी आहेत हे कुणालाही दिसावं. कोच म्हणाले, "मासी, तमे ज करी आपो." पूजा तुम्हीच करा म्हणे. मला काय, तेवढंच हवं होतं! घरून तबक नेलंच होतं मी. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, आणि माझ्या पद्धतीच्या अक्षता, कुंकवात तुपाचं बोट घालून कालवलेल्या. कोरड्या अक्षता घरंगळतात, मला आवडत नाहीत.

आमच्या दोन्ही पिस्तुलांवर सढळ हाताने टाकल्या. पक्षपात नको.

नात फडकं घेऊन पुसायला आली तर तिला अडवलं. "आज हात लावायचा नाही. पूजेचं उद्यापर्यंत तसंच राहतं." कोचांनी माझ्या वयाकडे बघून तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, आणि मग सगळेच फाफडा-जलेबीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल निवडायची चाचणी. नातीने दोन्ही वरवर पुसली आणि आधी जुनं घेतलं. पहिलीच गोळी सुटली, पुंगळी उडाली, आणि तिच्याबरोबर काहीतरी लालसर माझ्या पायाशी येऊन पडलं. तांदूळ! माझाच तांदूळ! पुढच्या सगळ्या गोळ्या खडाखड सुटल्या.

मग नवं. दुसऱ्या गोळीला अडलं. काडतूस निम्मं आत, वरचा भाग मिटेना. काढलं, परत भरलं. परत अडलं. तिसऱ्यांदाही तेच.

नातीचा चेहरा उतरला. "आजी म्हणत होती तेच खरं. याचा भरवसा नाही." तिने फॉर्म ओढला, पेनाचं टोपण काढलं.

आता माझी खरी पंचाईत. जिंकत होते की हो मी! महिनाभराचा वाद, आणि तोही आपल्या बाजूने सुटतोय. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? तांदूळ तर मी केव्हाच चपलेखाली घेतला होता.

"थांब," मी म्हटलं. "त्याच्या पोटात माझ्या अक्षता आहेत."

तिला आधी कळलंच नाही. मी चप्पल उचलून दाखवली. कोचांनी नवं उघडलं, बारीक ब्रश आत फिरवला, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी चिकटलेला तुपाचा, कुंकवाचा आणि दीड दाण्याचा लगदा बाहेर काढला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मासी, जूनी तो प्रसादीये खाई गई!" जुन्याने प्रसादही खाऊन टाकला म्हणे!

"आजी!" नात ओरडली. "तुझ्यामुळे मी चुकीचं लिहिणार होते!"

"चुकीचं कसं? जुन्याने दाणा थुंकला आणि चाललं. याला पेललं का?"

"मला लढाईला जायचंय का? पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायचीत. तिथे कोण अक्षता टाकणारेय?"

साफ केल्यावर नवं एकदाही अडलं नाही. कागद जवळ आणून तिने दोन्हींची भोकं शेजारी ठेवली. जुन्याची ताटभर पसरलेली, नव्याची वाटीत मावतील अशी. टाका सरळ आला की मशीनबद्दल भांडायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

तिने नव्याचा नंबर लिहिला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ती अजून सतराची, त्यामुळे पालकाची सही लागते, आणि आईबाप दोघं नोकरीवर.

"वाचून सही कर हं," ती म्हणाली, "नाहीतर म्हणशील फसवलं."

चष्मा लावला, नंबर दोनदा वाचला, आणि माझ्या मताविरुद्ध, पूर्ण नावाने, ठसठशीत सही केली.