सुनेविरुद्ध काळा वाटाणा

माझ्या सुनेला भजनी मंडळात घ्यायला एकाच बाईने विरोध केला, आणि ती बाई मी.

लगेच नावं ठेवू नका, आधी ऐका. मुलगा माझा इथे आखातातच, पण दूर दुक्म बंदरात प्रोजेक्टवर, घरी येतो गुरुवारी. सुप्रिया लग्न होऊन आमच्याकडे अल अमेरातला आली, तर दिवसभर चार भिंती आणि मी! (भिंती निदान गप्प तरी बसतात.) शेवटी मीच म्हटलं, "अगं, गोड गळा आहे तुझा, मंडळात ये." पोरगी इतकी हरखली, की इस्त्री करता करता अभंग म्हणायला लागली.

पण आमच्या अकरा जणींत असं कुणालाही घेत नाहीत. गुप्त मतदान! प्रत्येकीला एक फुटाणा, एक कच्चा काळा वाटाणा. बाई हवी तर डब्यात फुटाणा, नको तर वाटाणा. एक जरी वाटाणा निघाला, तरी वर्षभर तिचं नाव काढायचं नाही. (नियम कुणाचा? माझाच.)

शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये बैठक भरली. सुप्रिया स्वयंपाकघरात, कान दाराला. डबा फिरला. आमच्या अध्यक्ष कुलकर्णीबाईंनी मोजले. दहा फुटाणे, वाटाणा एकही नाही.

"अकरावं मत कुठाय?"

माझ्या दाढेत होतं! बोलता बोलता फुटाणा कधी तोंडात टाकला, देवाशप्पथ कळलं नाही. पण सांगणार कसं?

"कुणाला तरी पोरगी नकोय, पण वाटाणा टाकायची हिंमत नाही," नलू म्हणाली.

"माझ्याकडे बघून काय बोलतेस गं?" पाटकरवहिनी उसळल्या.

"चोराच्या मनात चांदणं!"

"खलास! पुन्हा मतदान," कुलकर्णीबाई ओरडल्या. "आणि आता प्रत्येकीचा दाणा डब्यात वाजलेला मला ऐकू आला पाहिजे!"

नव्या जोड्या वाटल्या. तोवर नलू आणि वहिनी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. काय रंगलं हो भांडण! आणि भांडण रंगलं की माझं तोंड... हो. पुन्हा!

डबा पुढ्यात आला. मुठीत नुसता वाटाणा. कुलकर्णीबाई कान देऊन बसलेल्या. काय करणार? टाकला. टण्णकन वाजला मेला!

मोजणी झाली : दहा फुटाणे, एक वाटाणा. सुप्रिया बाहेर आली, डोळे डबडबलेले, ती थेट माझ्यापाशी.

"आई, मी कुणाला नकोय हो?"

आता मात्र राहवेना. "अगं, तो वाटाणा माझा. फुटाणा खाल्ला मी."

"आणि आधीचा?"

"तोही."

ती हसता हसता खालीच बसली. कुलकर्णीबाईंनी जागच्या जागी नियम केला : फुटाणा खाणारीचं मत धरायचं नाही. दहापैकी दहा! सुप्रिया मंडळात आली.

आता कुणाचं नाव आलं, की बाकी सगळ्या गुप्त मतदान करतात. मला आधी पोटभर पोहे वाढतात आणि मग सगळ्यांसमोर हात वर करायला लावतात. तोही रिकामा आहे ना, ते सूनबाई जातीने तपासते!