अकरा मिनिटांचा माणूस

आमच्या ऑफिसात त्याला सगळे 'अकरावाला' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. टीव्हीवर सिनेमा निवडताना चित्राखाली दोन ओळी येतात ना, सिनेमा कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या, त्या ओळी तो लिहायचा. एकोणीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून त्या तपासायचं काम माझं. तपासायचं म्हणजे शुद्धलेखन बघायचं आणि मजकूर एकशे साठ अक्षरांच्या वर गेला असेल तर कात्री लावायची. लिहिलंय ते खरं की खोटं, हे बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्याच्यावर तोंडसुख घेईन तेव्हा माझे हात स्वच्छ आहेत असं कुणाला वाटायचं.

अकरा मिनिटांचं गणित आमच्या साहेबांचं. दिवसाला तीस सिनेमे संपवायचे, कामाचे तास सात, म्हणजे एकाच्या वाट्याला चौदा मिनिटं. अकरा बघायला, तीन लिहायला. सुरुवातीला त्यानं कुरकुर केली होती, की साहेब, अकरा मिनिटांत पात्रांची नावंसुद्धा कळत नाहीत. साहेब म्हणाले, "शेवट सांगायचा नाही हा नियम आहे ना? मग सांगायचाच नाही तर बघायचा कशाला?" यावर सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कुणी कुठल्या सिनेमाचा शेवट बघितला नाही.

त्यातून काय काय निघालं ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. एका सिनेमाच्या सुरुवातीला एक माणूस अंतराळयानात बसलेला दिसतो. यानं लिहिलं, 'ताऱ्यांच्या दुनियेतला श्वास रोखणारा थरार.' बाराव्या मिनिटाला तो माणूस झोपेतून उठतो, बँकेत कामाला जातो आणि उरलेले दोन तास त्याचा घटस्फोट चालतो. एक बाई प्रेमानं सूप ढवळताना दिसली, तर यानं 'एका सुगरणीची चविष्ट कहाणी' लिहून मोकळं व्हावं. ती सुगरण त्या सुपानं तीन नवरे मारते हे आम्हाला कुणाच्या तरी संतापलेल्या पत्रातून कळलं. साहेबांनी ते पत्र भिंतीवर लावलं. चेष्टेचा विषय झाला दोन दिवस.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याला लिहिता फार छान यायचं. आमच्याकडे बाकीचे नुसत्या पाट्या टाकायचे. हा शब्द निवडायचा. अकरा मिनिटांच्या चिंधीतून अख्खा सदरा शिवून दाखवायचा, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, यानं सिनेमा बघितलाय, इतकंच काय, त्याला तो आवडलाय. मला त्याचा राग यायचा तो इथेच. वाईट लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

सगळ्यात जास्त विश्वास ठेवायची त्याची मोठी बहीण. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं. हा पन्नाशीला आला तरी ती त्याला 'छोट्या' म्हणते. ताई घरी शिवणकाम करतात. माझेही कपडे त्याच शिवतात, त्यामुळे माझं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. शिलाई मशीनच्या समोर टीव्ही. त्यावर आमच्याच कंपनीचे सिनेमे लागायचे. सिनेमा लावण्याआधी त्या चष्मा पुसून दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि भावोजींना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, सांगायच्या, "हा आपल्या छोट्यानं लिहिलाय. चांगला असणार." सगळ्याच ओळी छोट्यानं लिहिल्या आहेत असं त्यांना वाटायचं. बऱ्याचशा होत्याही.

भावोजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दारोदार जाऊन पाण्याचे मीटर वाचायचं काम. गडी कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याची बोलती बंद. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली. तिसऱ्या मजल्यावर घर. चढताना प्रत्येक वळणावर उभे राहायचे आणि कुणी बघितलं तर कठड्याचा रंग उडालाय का ते तपासत असल्यासारखं करायचे. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, लवकर बदला. भावोजी तयार होईनात. चार महिने ताईंनी विनवण्या केल्या. शेवटी अकरावाल्यानं जाऊन सांगितलं, "भावोजी, मी त्या डॉक्टरची सगळी माहिती काढलीय. साधं ऑपरेशन आहे. दहा दिवसांत चालत घरी याल." मेहुण्याच्या शब्दावर ते तयार झाले. सोमवारी सकाळी दाखल व्हायचं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, बॅग भरून दाराशी ठेवलेली. भावोजींचं कशात लक्ष लागेना. ताईंनी विचार केला, काहीतरी हलकंफुलकं लावावं. टीव्हीवर एक ओळ दिसली: 'हॉस्पिटलच्या एका वॉर्डात जमली चार पेशंटांची चौकडी, आणि मग पत्ते, खोड्या, हशा! आजारपणाचंही हसू करणारी धमाल.' ताईंना वाटलं, यांच्यासाठीच लिहिलंय. पहिली अकरा मिनिटं दोघंही हसले. भावोजी तर मांडीवर थाप मारून हसले, असं ताई मला सांगत होत्या. मग त्या चौघांतला पहिला ऑपरेशनला गेला आणि परत आला नाही. पत्त्यांचा डाव तिघांत सुरू झाला. मग दुसरा गेला. तिसऱ्याला नेताना तो हसत हात हलवतो, आणि पुढच्या दृश्यात नर्स त्याच्या गादीची चादर बदलताना दिसते. तेव्हा ताईंनी टीव्ही बंद केला.

सोमवारी सकाळी भावोजींनी बूट घातले नाहीत.

ताईंचा फोन ऑफिसात आला तेव्हा अकरावाला त्या दिवसाच्या चौथ्या सिनेमावर होता. त्यानं तो सिनेमा तसाच थांबवला. मला म्हणाला, "बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मला एकट्याला जमणार नाही." मी गेले, कारण ती ओळ मीच पास केली होती. 'पेशंटांची' बरोबर की 'पेशंट्सची' यावर पाच मिनिटं घातली होती मी त्या दिवशी.

भावोजी खिडकीशी बसले होते. बॅग तशीच दाराशी. अकरावाल्यानं आधी समजावून बघितलं, मग हात जोडले. म्हणाला, "भावोजी, तो सिनेमा आहे हो. खोटा असतो."

"सिनेमा खोटा असतो ते मला कळतं," भावोजी म्हणाले. "तू लिहिलंस ते काय होतं?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. अकरा मिनिटं, तीस सिनेमे, शेवट न बघणं, सगळं. त्याला वाटलं, खरं बोललं की मन हलकं होईल आणि भावोजी म्हणतील, असं होय, मग ठीक आहे. ताईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकही बघितला नाहीस? मी वाचायचे त्यातला एकही?"

"एकही नाही, ताई."

भावोजी खिडकीकडून त्याच्याकडे वळले. मग विचारलं, "त्या डॉक्टरची माहिती काढली म्हणालास. किती वेळ काढलीस?"

यावर तो खोटं बोलू शकला असता. बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आयुष्यभर दिवसाला तीस थापा लिहिणाऱ्या माणसाला नेमकं त्याच दिवशी खरेपणाचं भरतं आलं. त्यानं मान खाली घातली. डॉक्टरच्या जाहिरातीतलं पहिलं पान वाचलं होतं त्यानं, एवढंच.

"मी एकतीस वर्षं मीटर वाचले," भावोजी म्हणाले. "घराला कुलूप असलं तर 'कुलूप' असं लिहून यायचो. अंदाजे आकडा एकदाही टाकला नाही. लोक म्हणायचे, टाक की, कोण बघतंय? आणि तू माझ्या छातीचा अंदाज टाकलास होय रे?" ते रागावलेही नव्हते. उठून त्यांनी बॅग उघडली आणि आतला टॉवेल काढून खुंटीवर टांगला.

पुढे पाच आठवडे मिळाले. थोडेथोडके नाहीत, पाच आठवडे. अकरावाला रोज संध्याकाळी तिथे जायचा. डॉक्टरला फोन लावून द्यायचा, भावोजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "यानं तरी शेवटपर्यंत बघितलंय कशावरून?" ताई रडल्या, भांडल्या, जेवण सोडून बसल्या. भावोजी हलले नाहीत. इकडे अकरावाल्यानं साहेबांकडे जाऊन ती ओळ बदलायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "वेडा आहेस का? त्या ओळीमुळे मेलेला सिनेमा उठून बसलाय. या महिन्यात सगळ्यात जास्त तोच बघितला गेलाय. हात लावू नकोस." हा मूग गिळून परत आला. मी तर गेलेच नव्हते साहेबांकडे.

आणि त्या पाच आठवड्यांत आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, की आपण तो सिनेमा एकदा पूर्ण बघावा. इतकी ती सवय हाडीमाशी खिळलेली. तो म्हणतो, भीती वाटत होती. मी म्हणते, कसली भीती, अक्कल गहाण टाकली होती आपण.

भावोजी एका सकाळी दूध घेऊन येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले, आणि तिथेच गेले.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी अकरावाला कामावर आला. आल्या आल्या त्यानं तो सिनेमा लावला. अकरा मिनिटं झाली, तो उठला नाही. वीस झाली. मी माझी खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली. साहेब काचेच्या खोलीतून दोनदा डोकावले, तिसऱ्यांदा बाहेर येऊन ओरडले, तरी आम्ही दोघंही हललो नाही. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग चौथा, सगळ्यात म्हातारा, सगळ्यात भित्रा. आठवडाभर ऑपरेशन नको म्हणून भांडतो आणि शेवटी तयार होतो. त्याची झडपच बदलायची असते. आणि तो वाचतो. शेवटची सात मिनिटं नुसता तोच आहे. काठी टेकत वॉर्डातून निघतो, तीन रिकाम्या पलंगांवर पत्त्यांचं एकेक पान ठेवतो, बाहेर येतो आणि घरी जातो. चालत.

अकरावाला ढसाढसा रडला. भर ऑफिसात, तोंडावर हातसुद्धा न घेता. मला रडू आलं नाही, मला चीड आली. त्याची आली, साहेबांची आली, माझी तर सगळ्यात जास्त आली. भावोजींना सांगायला एवढं एकच वाक्य पुरलं असतं, की चौथा घरी जातो. एकशे साठ अक्षरंही लागली नसती.

"मी ताईला सांगणार," संध्याकाळी जिना चढताना तो म्हणाला. "एकदा तरी तिला खरी गोष्ट सांगतो. मग तिनं मला दारात उभं केलं नाही तरी चालेल." त्याला हलकं व्हायचं होतं, आणि पुन्हा कुणाच्या तरी जिवावर व्हायचं होतं, पण अडवायचा मला काय अधिकार?

ताई मशीनशी बसल्या होत्या. टीव्हीवर त्यांनी कापड टाकून ठेवलं होतं. त्यांनी आम्हाला चहा दिला. अकरावाल्यानं घसा साफ केला, "ताई," म्हणाला, आणि त्याला पुढे बोलू न देता त्याच बोलल्या.

"छोट्या, एक विचारू? मला कुणाला विचारायचा धीर होत नव्हता. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला ना, तेव्हा हे म्हणाले होते, राहू दे, चौथ्याचं काय होतं ते बघू. दोनदा म्हणाले. मीच ऐकलं नाही. म्हटलं, नको ते अभद्र. रोज झोपायला गेले की तेच येतं मनात. बघू दिलं असतं तर? तो चौथा जगला असेल तर? मग हे माझ्यामुळेच..." त्यांनी मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. "तू बघितलास का रे आता तरी?"

"बघितला," तो म्हणाला.

"काय होतं त्याचं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. कपातल्या चहाकडे बघत राहिला. मी मनात म्हणत होते, बाबा रे, आता तरी खोटं बोल.

"जातो, ताई," तो म्हणाला. "चौथाही जातो. सगळ्यात वाईट तोच जातो."

ताईंनी मोठा श्वास सोडला. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. भावाच्या शब्दावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता, आणि तो का राहावा?

"तुम्हीही बघितलात का, बाई? पूर्ण?"

"पूर्ण बघितला, ताई," मी म्हणाले. "जातो तो. बंद केलात ते बरं केलंत."