साहेबांचा कांडेसर

लग्नाला चार महिने झाले होते. आमचे हे वर्ध्याला एका कचेरीत कारकून होते, अजून कायम व्हायचे होते. त्यांच्या साहेबांना पाखरांचा भारी नाद. होळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगळ्या कचेरीला सहकुटुंब तलावाकाठच्या बगीच्यात पाखरं पाहायला बोलावलं. बायकांत मात्र साहेबांच्या बाई आणि मी, दोघीच गेलो. बाकीच्यांचं त्या दिवशी नेमकं काही ना काही दुखत होतं.

ह्यांनी मला आधीच बजावलं होतं, साहेब दाखवतील ते पाखरू पाहायचं आणि मान हलवायची. मी तळेगावच्या शेतकऱ्याची लेक. ज्वारी राखताना पाखरं हाकलण्यात बालपण गेलेलं. ती मुद्दाम पाहायलाही जातात, हे मला नवीनच होतं.

तलावाशी पोचलो आणि फाल्गुनात पाऊस सुरू झाला. हेडक्लार्कांनी तेवढी छत्री आणली होती. त्यांनी ती फट्‌कन उघडली, तसे काठावरचे सगळे बगळे उडाले. साहेबांनी छत्री मिटायला लावली. मग आम्ही नऊ माणसं ओळीनं भिजत उभी राहिलो.

साहेबांनी दुर्बीण लावली. पलीकडच्या लव्हाळ्यात कांडेसर करकोचा असावा, म्हणाले. आहेच, असं हेडक्लार्क म्हणाले, आणि मान पांढरीशुभ्र असल्याचंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या एकाला चोच दिसली. आमच्या ह्यांना तर तो मासा गिळताना दिसला.

मग साहेबांनी मला विचारलं. ह्यांनी हळूच कोपर मारलं. पण पाखरांच्या बाबतीत मला खोटं बोलवेना.

"मले तं नाई दिसला," मी म्हटलं. "तिथं म्हैस बसून राह्यली."

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली आणि काच उपरण्यानं पुसली.

"काचेवर पाणी आलंय," ते म्हणाले. "मला मघापासून काहीच दिसत नाही. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना विचारत होतो."

तेवढ्यात म्हैस उठली आणि कान झाडत काठावर आली. साहेबांच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना माझा खांदा धरावा लागला. म्हशीच्या पाठीवर एक काळं पाखरू येऊन बसलं. साहेबांनी मलाच विचारलं, मी कोतवाल म्हणून सांगितलं. मग टिटवी झाली, ढोकरी झाली. साहेब वहीत लिहीत गेले आणि पावसानं शाई पुसत गेली.

हे तर नोकरी गेली, असंच धरून चालले होते. सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावून शांतपणे विचारलं, कांडेसरानं गिळला तो मासा कोणता होता?

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी घाबरत विचारलं.

"मरळ," हे म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

पुढे साहेबांची बदली होईपर्यंत बाई दर रविवारी मला न्यायला टांगा पाठवत. ह्यांना बोलावणं नसे. ते खुशाल झोपत. एकदा मी परतले तर त्यांनी चहा करून ठेवला होता. पाणचट होता, पण मी दोन कप प्यायले.