रबराची कडा

चंदगडकडच्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागं चार जुने स्पीकर होते. ते मिळावेत म्हणून अख्खा पावसाळा मी एसटीनं खेपा घातल्या. मालक म्हातारे, एकटे. पहिल्या खेपेला मी स्पीकरचं नावही काढलं नाही. काजूच्या झाडांची चौकशी केली, चहा प्यालो, परत आलो. सौदा असाच पिकू द्यावा लागतो. भंगाराच्या हातगाडीवर मी हे शिकलो आणि त्यावरच दुकान उभं केलं. गणपती झाल्यावर मालकच म्हणाले, "न्या की आता. नुसता चहाच किती दिवस प्यायचा?"

माझ्याकडं टेम्पो नव्हता. राजारामपुरीत मिरवणुकांना डीजे पुरवणारा एक दोस्त होता. जुन्या स्पीकरचा नाद आम्हा दोघांनाही. त्याचा टेम्पो मागितला आणि मूर्खासारखा पत्ताही सांगितला. तो आदल्या दिवशीच तिथं पोचला. "त्यांनीच पाठवलंय" असं मालकांना सांगून चांगले दोन घेऊन आला. मला उरले गळक्या पत्र्याखालचे, कागदी कोन फाटलेले दोन.

जाब विचारायला त्याच्या दुकानात गेलो. रविवारची सकाळ होती, गाणी ऐकायला जमणारी मंडळी बसली होती. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "भावा, चिडतोस कशाला? भंगारवाल्याला वजन कळतंय, आवाज न्हाय. तुला कान कुठलं?" मंडळी हसली. मी खुर्ची लाथाडून बाहेर पडलो.

ते हसू मी अजून विसरलेलो नाही. विसरायचंही नाही.

हे स्पीकर अशा काळातले, की चार-पाच वॅटच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर अख्खी टॉकीज भरायची. म्हणून त्यांचा आवाज काढणारा कागदी कोन वाळल्या पानासारखा हलका आणि त्याला चौकटीशी जोडणारी कडा मऊ. त्यावर थोडंही ओझं चढवलं, की एवढ्याशा ताकदीला तो हलत नाही. मी फाटलेल्या जागी टी-बॅगचा कागद पातळ गोंदानं चिकटवला. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याकडून विरळ सुती कापड आणलं. उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमचा साचा काढून घेतला, त्यात कापड दाबून कडेच्या चुण्या पाडल्या. आतली कॉइल कुठं घासू नये म्हणून एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या भोवती खोचून ती मधोमध बसवली. घरच्यांवर ओरडणारा मी, पण त्या कोनावर फुंकरसुद्धा जपून घालत होतो.

अशात एका दुपारी त्याचा फोन आला. चोरी करून वर सल्ला विचारायला!

"भावा, कडा पार कडक झाल्यात. कापून टाकू का?"

त्याच्या स्पीकरचा कोन आणि कडा एकाच कागदाची. एकदा कापली की गेली. नुसता मऊ लेप लावला असता तरी चाललं असतं. मी विचारलं, "तुझ्या मिरवणुकीच्या स्पीकरला काय असतंय?"

"जाड रबर. दिवसभर बडवलं तरी फाटत न्हाय."

"मग मला काय विचारतोस? साउंडवाला तू."

"व्हय, ते बी खरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी जेवण दुप्पट जेवलो.

त्याच रविवारच्या मंडळीत व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवणारे एक मास्तर होते. मी त्यांना त्यांचा पाच वॅटचा ॲम्प्लिफायर त्याच्या दुकानात आणायला लावला आणि माझे दोन स्पीकर रिक्षातून नेले. आधी त्याचे, जाड रबराची कडा बसवलेले, लावले. गायिका घोंगडी पांघरून गात असावी, असा आवाज. त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज वाढायच्या ऐवजी फाटायला लागला.

"मास्तर, तुमच्या डब्यात दमच न्हाय."

"दम आहे. तुमच्या कोनाला पायात बेडी घातलीय," मास्तर म्हणाले आणि तारा काढून माझ्या स्पीकरला जोडल्या. बटण पाव फिरलं असेल-नसेल. गाण्याआधी गायिकेनं घेतलेला श्वास ऐकू आला, मग अख्खं दुकान भरलं. कोणी चहाच्या कपालाही हात लावेना.

तो माझ्याकडं बोट दाखवून ओरडला, "ह्यानंच रबर लावाय सांगितलं!"

"भंगारवाल्याचं ऐकलंस व्हय रं?" मी म्हणालो. मंडळी पुन्हा हसली. या वेळी मी बसून राहिलो आणि सगळं हसू पुरतं ऐकून घेतलं.

आता तो माझ्या दुकानात येतो. नवे हलके कोन घालून द्या म्हणतो. 'भावा'चा 'भाऊ' झालाय. साचा माझ्या गल्ल्याखालीच आहे, पण मी त्याला चहा सांगतो, धंद्यापाण्याची चौकशी करतो, बघू म्हणतो. स्पीकरचं नाव काढत नाही. परवा जाताना कंटाळून म्हणाला, "तुम्हीच ठेवून घ्या की ते दोन."

मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणेन तेव्हा आणायला टेम्पो मात्र त्याचाच सांगणार आहे.